मंगळवारी साडेचारला

राजारामपुरीतली गल्ली.
खाली इस्त्रीचं दुकान, वर ती खोली.
घरात सांगितलंय, दाढ दुखते.
सहा आठवडे एकच दाढ.
आईनं विचारलंच शेवटी,
"डॉक्टर हाय का सुतार?"

जिना चढलो, चप्पल काढली, बसलो.
मॅडम नाशकाकडच्या.
पहिल्या दिवशी माझ्या 'बसलो'ला जरा थबकल्या.
म्हटलं, आमच्याकडं बायका असंच बोलतात,
आलो, गेलो, जेवलो.
त्यात पुरुष नसतो कुणी.
त्या हसल्या. मग मीही.
बावीस वर्षांचा संसार मोडून आलेली बाई
व्याकरणावरनं हसली,
तेवढीच त्या दिवसाची फी वसूल.

(फी म्हणजे म्हशीचं दूध अकरा लिटर.
मी सगळं दुधात मोजतो.
ते प्लॉटमध्ये मोजायचे.)

काम काय करता?
केएमटीत, कंडक्टर.
पुढं सरका, पुढं सरका,
दिवसभर तोंडात तेवढंच.
तिथं आवाज फुटतो, इथं फुटेना.
दुसऱ्या खेपेला पाऊण तास
पंख्याकडं बघत बसलो.
मॅडमही बसल्या.
माझ्या आयुष्यात इतका वेळ
कुणी काही न मागता समोर बसलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला सुरू झालो,
आणि मग थांबेचना.
आम्हाला तिखट लागतं.
आम्ही लवकर झोपतो.
आम्हाला लग्नाकार्यात जायला आवडत नाही.

मॅडमनी मान वर केली.
"आम्ही म्हणजे कोण, त्रिशलाताई?"

आता काय सांगायचं.
कागदावर सही झाली फेब्रुवारीत,
आणि माझ्या तोंडात तो अजून जेवतोय.

खाली इस्त्रीवाल्यानं पाणी शिंपडलं असावं,
तापल्या कापडाचा वास वर आला.
टिश्यूचा खोका समोर होता.
मी युनिफॉर्मच्या बाहीला नाक पुसलं.

गृहपाठ मिळाला:
मी किंवा मला, यानं सुरू होणारं
एक खरं वाक्य आणायचं.
एकच.
वडणग्याच्या फेरीत, गाडी रिकामी झाल्यावर,
तिकिटाच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
मला तिखट सोसत नाही.
बघतच राहिलो.
छेचाळीस वर्षांची कोल्हापूरची बाई!
कुणाला कळलं तर
शिरोली नाक्यावर नेऊन सोडतील.

बरं वाटतंय का, असं विचारू नका.
रविवारी अजून तीन कपांचं आधण ठेवतो,
घरात आई नि मी, दोघीच.
तिसरा मोरीत ओततो.
मागल्या रविवारी तो मीच प्यालो,
गार झाल्यावर.
काही झालं नाही.

मॅडमना एकदा सांगत होतो,
आमच्या रूटवरचा एक स्टॉप हलवला,
पुढं, शंभर पावलं.
वर्ष झालं तरी माणसं जुन्याच जागी उभी.
पाटी नाही, शेड नाही, तरी उभी.
मग आम्ही थांबवतो तिथं थोडी.
नियमात नाही. पण म्हातारी माणसं असतात,
हातात पिशव्या असतात.
मॅडमनी ते लिहून घेतलं.
त्यात काय होतं लिहिण्यासारखं,
मला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी गंगावेशीत उतरलो,
कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा एक ग्लास मारला,
वरच्या ओठावर फेस तसाच घेऊन घरी गेलो.
आई आमटी करत होती.
"दाढ?"
म्हटलं, दाढ नव्हतीच.
मग सगळं सांगितलं, पायरीवर बसून,
जिना, पंखा, खोका, अकरा लिटर.
तिकीटही दाखवलं.
तिला वाचता येतं, पण चष्मा सापडेना,
मीच वाचलं.

ती काही बोलली नाही.
चटणीचा चमचा भरला,
पातेल्यावर धरला,
आणि तसाच धरून माझ्याकडं वळली.
"किती घालू?"

मी विचार करायला लागलो.